धांडे सरांचे पाय

"पाय झोपले का तुये?"

धांडे सर इंजिनावर आवाज चढवून ओरडले, तेव्हा विमान जमिनीवर होते आणि माझ्या समजुतीप्रमाणे उतरणे संपले होते. चाके टेकली होती, वेग कमी होत होता, आणि मी नकळत अंग सैल सोडले होते. तेवढ्यात नाक डावीकडे सरकले. मी उजवे पेडल दाबले, उशिरा आणि जोरात. नाक उजवीकडे गेले, मग पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मग माझ्या पायांखाली पेडल आपोआप हलले. शेजारच्या सीटवरून सरांनी त्यांच्या पेडलांवर दोनतीन लहान ठोके दिले होते. विमान सरळ झाले आणि धावपट्टीच्या अगदी कडेला, कपाशीच्या पहिल्या ओळीपाशी थांबले.

सरांनी इंजिन बंद केले. पंखा अडखळत थांबला.

"तुले कोनं सांगतलं का उतरनं झालं म्हनून?" ते आता शांतपणे म्हणाले. "चाक टेकलं म्हंजे काम सुरू झालं. बैल घरी आनून दाव्याले बांधला का मंग झालं समजाचं. तवापर्यंत नाई."

मी काही नवशिकी नव्हते. बी.एस्सी. फिजिक्स झाल्यावर अमरावतीजवळ बेलोऱ्याला रीतसर विमान शिकले होते, परवाना घेतला होता आणि एखाद्या कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहत घरी बसले होते. पण ज्या विमानांवर मी शिकले त्यांचे तिसरे चाक नाकाखाली असते. अशी विमाने जमिनीवर टेकली की स्वभावानेच सरळ धावतात. आता मी शिकत होते ते खुशालराव नावाच्या शेतकऱ्याचे पुष्पक विमान जुन्या घडणीचे. त्याची दोन मोठी चाके पुढे आणि तिसरे, बशीएवढे लहानसे, शेपटीखाली. सगळे वजन मोठ्या चाकांच्या मागे. त्यामुळे नाक जरासे वळले की मागचे वजन पुढे यायला धडपडते, आणि ते पुढे आले की विमान स्वतःभोवती गिरकी घेते. हे मी कागदावर पाच ओळींत मांडून दाखवू शकत होते. पायांना मात्र त्या पाच ओळी वाचता येत नव्हत्या.

खुशालरावांची जमीन मूर्तिजापूर-अकोला रस्त्यापासून थोडी आत आहे. कपाशीवर विमानाने फवारणी व्हायची त्या काळात त्यांच्या वडिलांनी मुरमाड पडीक जागा विमाने उतरायला दिली होती. फवारणी थांबली, पट्टी राहिली. पुढे अकोल्यातला एक लहानसा फ्लाइंग क्लब बंद पडला तेव्हा त्याचे एक पुष्पक खुशालरावांनी हौसेने घेतले. बरीच वर्षे ते शेडमध्ये कडब्याशेजारी पडून होते. मग त्यांनी ते बंगळूरच्या माणसांकडून दुरुस्त करून घेतले आणि उडवायला पुंजाराम धांडे यांना बोलावले, कारण त्या क्लबात शिकवणारे तेच होते आणि आसपास दुसरे कोणी उरलेच नव्हते. सरांनी साठीत पुन्हा अभ्यास करून, परीक्षा देऊन परवाना जिवंत केला होता.

आता ते सत्तरी ओलांडून गेले होते. दर वर्षीची वैद्यकीय तपासणी दिवाळीच्या आधी होती, आणि ती आपण पास होणार नाही हे त्यांनी स्वतःच खुशालरावांना सांगून टाकले होते. हृदयाचा आलेख बदलला होता. लपवून उडणाऱ्यांपैकी ते नव्हते.

खुशालरावांचा मुलगा अंकुर चिखलदऱ्याला रिसॉर्ट बांधत होता. त्याला हे विमान फाटकावर, खांबावर चढवून ठेवायचे होते, खाली दिवे सोडून. लोक फोटो काढतील, म्हणायचा. खुशालराव त्याच्याशी भांडले नव्हते. उडवणारा माणूस आहे तोवर विमान इथेच राहील, नसला तर तू घेऊन जा, एवढे त्यांनी कबूल केले होते. माझे वडील त्यांचे वकील. एके दिवशी कोर्टातून घरी येताना ते माझ्यासाठी हे काम घेऊन आले. दिवाळीच्या आत मी हे विमान एकटीने उडवू लागले, तर ते उडते राहणार होते. नाहीतर खांबावर.

सरांना त्याचे काय वाटत होते ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. शेडमध्ये शिरताना ते दर वेळी पुष्पकच्या पंखाच्या कापडावर तळहात ठेवायचे, जनावराला ताप आहे का बघावे तसा. बस, तेवढेच.

त्या दिवशी कपाशीपाशी थांबल्यावर सरांनी मला खाली उतरवले आणि विमान तिथेच सोडून सरळ शेतात नेले. खुशालरावांचा गडी उशिरा पेरलेल्या कपाशीत डवरा फिरवत होता. सरांनी त्याच्या हातातून डवरा घेतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन ओळी काढून दाखवल्या. मग मला म्हणाले, धर.

डवरा म्हणजे बैलांमागे चालणारी रुंद पात्याची कुळवासारखी वस्तू. ती कपाशीच्या दोन ओळींमधून गेली पाहिजे. तण निघाले पाहिजे आणि झाड कापले जाता कामा नये. मी पहिल्याच फेरीत चार झाडे कापली. गडी तोंड फिरवून हसला.

"तू झाडाजवळ गेल्यावर वळवून राह्यली," सर मागून चालत म्हणाले. "तवा काई होत नाई. डवरा झाडाकडे जाऊन राह्यला, हे मुठीले पह्यले समजते, डोयाले मंग. मुठीनं सांगतलं का जरासं दाबजो, अन् सोडून देजो. दाबून धरजो नको. त्याले वाटाले नाई पायजे का कोनी दाबलं म्हनून."

मी पुढच्या दोन ओळी काढल्या. झाडे कापली गेली नाहीत, पण ओळीही फार सरळ आल्या नाहीत. सर म्हणाले, चालते.

सर लहानपणी डवऱ्यामागे चालले होते, आणि फवारणीची विमाने येत तेव्हा शेताच्या कडेला पांढरे निशाण धरून उभे राहिले होते. वैमानिकाला पुढचा पट्टा कुठून धरायचा हे त्या निशाणावरून कळायचे. विमान डोक्यावरून जायचे, औषधाचा फवारा अंगावर पडायचा, आणि घरी आल्यावर आई त्यांना ओट्यावर उभे करून घागरीने अंघोळ घालायची. त्या वासाची त्यांना अजून आठवण होती. कोणत्या तरी शिष्यवृत्तीवर ते क्लबात शिकले, तिथेच शिकवू लागले. क्लबातल्या चहावाल्याबद्दल ते अर्धा तास बोलायचे. एका विद्यार्थ्याने उतरताना विमान फिरवून थेट चहाच्या ठेल्याकडे तोंड केले आणि ठेलेवाल्याने न घाबरता विचारले होते, किती कप?

क्लब बंद झाला तेव्हा सरांना दुसरीकडे जाता आले असते. गेले नाहीत. अकोल्यात जठारपेठेकडे त्यांनी एक जुनी मारुती घेतली, तिच्या डाव्या बाजूला दुसरा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला आणि पुढे 'पुष्पक मोटार ड्रायव्हिंग स्कूल' असा फलक लावला. तीस वर्षे त्यांनी अकोल्याला गाडी चालवायला शिकवले. शिक्षिका, दुकानदार, नवऱ्याने हौसेने पाठवलेल्या बायका, एकदा एक न्यायाधीश. शहरात अजूनही चौकात कोणी ना कोणी त्यांना काच खाली करून नमस्कार करायचे.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावले. रुख्मिणीकाकूंनी आंबाडीची भाजी आणि भाकरी केली होती. जेवताना सर मला मागच्या चाकाच्या स्प्रिंगबद्दल समजावत होते, आणि काकू त्यांच्याकडे न बघता मला वाढत होत्या.

"यायच्यासंगं एसटीत बसाले लाज वाटते मले," काकू म्हणाल्या. "ड्रायव्हरनं ब्रेक मारला का हे इथून मारते. पुढच्या सीटवाल्याच्या टाचीवर. मागच्या साली नातीच्या लग्नाले गेलो तवा एका बाईनं मागं वयून पायलं, असं पायलं का मी खिडकीच्या बाहीर पाहत बसली."

"रस्ता खराब होता," सर म्हणाले.

"झोपीतबी रस्ता खराब असते का?"

सर हसले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. मीही हसले. त्या वेळी ते फक्त एक घरगुती विनोद म्हणून माझ्या लक्षात राहिले.

सप्टेंबरच्या मध्यापासून माझे उतरणे सुधारले. एकदम सुधारले. विमान टेकायचे आणि पट्टीच्या मधोमध असे धावायचे की जणू रुळावर आहे. खुशालराव शेडबाहेर खाट टाकून बसायचे आणि प्रत्येक वेळी टाळी वाजवायचे. सर खूश होते, तरी खूश दिसू द्यायचे नाहीत. एकदा म्हणाले, आता पाय जागे झाले. पुढच्या आठवड्यात तुले एकटीले सोडतो.

मलाच ते पटत नव्हते. मी प्रयोगशाळेत तीन वर्षे घालवली होती, आणि एखादे मोजमाप फार चांगले आले की उपकरणाकडे बघायचे ही सवय लागली होती. कधी कधी मला वाटायचे की मी पेडल दाबायला जाते त्याच्या क्षणभर आधी पेडल स्वतःच निघालेले असते. मी दाबते तेव्हा ते हलके लागते, आणि एकदोनदा उगाच जड लागले होते. मी सरांना विचारले, तुमचे पाय पेडलवर असतात का? ते म्हणाले, नाही, खाली असतात. मी पुन्हा विचारले तेव्हा त्यांना राग आला. तुले तुयावर भरोसा नाई, म्हणाले, मंग मले काहून इचारतं?

ते खोटे बोलत नव्हते. ते मला आजही तितक्याच खात्रीने वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विमान तपासताना, मी पांढरा खडू कुटून त्याची पूड सरांच्या बाजूच्या पेडलांवर टाकली. खाली पाय ठेवायच्या जागी टाकली नाही. मग आम्ही उडालो, पट्टीभोवती फेरी मारली, उतरलो. विमान रुळावरून धावले. खुशालरावांनी टाळी वाजवली.

सर कडुनिंबाखालच्या खाटेवर बसले आणि नेहमीसारखा एक पाय दुसऱ्या पायावर टाकला. त्यांच्या कापडी बुटाचा तळवा वर आला. पुढचा भाग पांढरा होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसला आणि बोटाकडे पाहिले.

"हे काय वं?"

"खडू, सर. तुमच्या पेडलवर टाकला होता."

त्यांनी दुसरा पाय वर घेऊन पाहिला. तोही तसाच होता. खुशालराव काही बोलणार होते, पण सरांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खिशातून सुपारी काढली आणि ते शेडकडे निघून गेले.

सरांनी बूट काढून हातात घेतला. मला वाटले ते चिडतील, आणि ते चिडले असते तर मला बरे वाटले असते.

"मले खबरच नाई," ते म्हणाले. "बापाशपथ. पाय खालीच हाय असंच वाटून राह्यलं होतं मले."

"मला माहीत आहे, सर."

"म्हंजे हे जे आठपंधरा दिवसाचं झालं, त्यातलं तुयं किती?"

"थोडं असेल."

"थोडं म्हंजे किती, हे तुले मालूम नाई अन् मलेबी नाई." त्यांनी बूट खाली ठेवला. "अन् मी तुले एकटीले सोडाले निंगालो होतो."

त्या दुपारी ते मला मूर्तिजापूर स्टेशनवर सोडायला आले. एरवी खुशालरावांची जीप सोडायची. गाडीला वेळ होता. फलाटावर बसून त्यांनी मला एका बाईची गोष्ट सांगितली, सीमाताई नावाच्या, गावाबाहेरच्या शाळेत शिकवणाऱ्या. पंधरासोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सरांकडे गाडी शिकल्या. फार छान चालवायच्या. शिकवणी संपल्यावर महिन्याभराने घरी आल्या आणि म्हणाल्या, सर, तुम्ही शेजारी असले की गाडी चालते, मी एकटी बसले की चालत नाही. सरांनी त्यांना धीर दिला होता, भीती असते, जाईल म्हणून. त्यांनी गाडी विकून टाकली असे नंतर कोणाकडून तरी कळले. सर मला म्हणाले, ती बाई भित्री होती असे मी आजपर्यंत धरून चाललो.

तीस वर्षे एका माणसाने दुसऱ्यांच्या चुका त्या घडायच्या आधीच पायाने पुसल्या होत्या. मी रेल्वेत बसल्यावर त्याचा विचार करत होते. त्यात कोणाचे नुकसान झाले आणि कोणाचा जीव वाचला याचा हिशेब लावायला काही साधन नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पट्टीवर पोहोचले तेव्हा सर आधीच विमानापाशी होते. त्यांनी बूट काढून चाकाशेजारी ठेवले. अनवाणी आत चढले, सीटवर सरकून बसले, आणि मोठ्या कष्टाने, एकेक गुडघा हाताने उचलून, मांडी घातली. पट्टा वरून आवळला. पुष्पकची सीट काही मांडी घालण्यासाठी बनवलेली नाही. त्यांचा एक गुडघा दाराला लागत होता आणि दुसरा माझ्या कोपराला.

खुशालराव खाटेवरून उठून जवळ आले आणि त्यांनी आत डोकावले.

"काय धांडे, पंगतीले बसले का?"

"वाढा तुमी," सर म्हणाले. "चाल वं पोरी."

वर सगळे ठीक होते. वळून पट्टीकडे येताना मला कळत होते की या वेळी मी खरोखर एकटी आहे, आणि शेजारी एक माणूस आहे हे त्याहून जास्त कळत होते. चाके टेकली. शेपटी खाली आली. एक क्षण सरळ गेले. मग नाक डावीकडे निघाले आणि मी वाट पाहिली. मला आजही ती वाट पाहणे आठवते. माझ्या पायांना पेडल आपोआप हलण्याची सवय झाली होती, आणि ते हलले नाही.

मी दाबले तेव्हा उशीर झाला होता. विमान डावीकडे वळत गेले, उजवा पंख कलला, खालून मुरूम उडाला, आणि आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलो. पट्टीच्या पलीकडे सगळी काळी, ओली जमीन. चाक तिच्यात गेले असते तर विमान नाकावर उभे राहिले असते. चाक काठावरच थांबले. पंखाचे टोक कपाशीतून गेल्यामुळे तिथले कापड फाटले होते, वीतभर.

मी शेजारी पाहिले. सरांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या पायांचे अंगठे धरून ठेवले होते. इतके घट्ट की बोटे पांढरी पडली होती.

"सोडले असते तं गेले असते खाली," ते म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "आता हे तुयं. हे पुरं तुयंच हाय. हे धरून चाल."

त्यांनी ते फाटलेले कापड दुसऱ्या दिवशी स्वतः बसून शिवले, वरून ठिगळ चिकटवले, लाख दिल्यासारखा चमकदार लेप लावला. वाळेपर्यंत दोन दिवस उडता आले नाही. दिवाळी जवळ येत होती आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हते. अंकुरचा एकदा फोन आला, क्रेनवाला दिवाळीनंतरची तारीख विचारतो आहे म्हणून. खुशालराव त्याला म्हणाले, त्याले म्हन थांब.

त्यानंतरचे दोन आठवडे सर रोज मांडी घालून बसले. संध्याकाळी विमानातून उतरताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार लागायचा, आणि जमिनीवर उभे राहिल्यावर थोडा वेळ ते पंखाच्या तिरक्या खांबाला धरून गुडघे सरळ करत राहायचे. काकूंनी त्यांच्याबरोबर महानारायण तेलाची बाटली द्यायला सुरुवात केली. बोलणेही त्यांनी बंद केले. उतरताना मी वाकडी गेले तरी ते गप्प. पूर्वी ते माझ्या प्रत्येक चुकीवर एक वाक्य बोलायचे, आणि मला आता जाणवले की ते वाक्यही एक प्रकारचे पेडल होते.

सुरुवातीला माझे उतरणे वाईट होते, पण माझे होते. मग एका सकाळी, नेमके कोणत्या ते सांगता येणार नाही, नाक सरकण्याआधी माझ्या पायाने ठोका दिला होता. मी ठरवले नव्हते. मला नंतर कळले. पुन्हा एक ठोका उलट्या बाजूला, मग काहीच नाही, मग एक. विमान सरळ धावत होते आणि माझे पाय एकमेकांशी काहीतरी बोलत होते, मला न विचारता. मी शेजारी पाहिले तर सर हात सैल सोडून बसले होते.

नवरात्र संपले त्या आठवड्यात, वारा पडलेला असताना, सर दार उघडून उतरले. पट्टा रिकाम्या सीटवर आवळून बांधला, म्हणजे तो कशात अडकू नये.

"मायं वजन नाई आता," म्हणाले. "लवकर उचलन. घाबरजो नको."

मी उडाले. शेजारची जागा रिकामी होती, आणि विमान खरोखरच लवकर उचलले. फेरी मारून येताना मला पट्टीच्या कडेला ते दिसले, उभे, हात मागे बांधलेले. मी उतरले. पुन्हा उडाले, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा विमान शेडपाशी नेऊन बंद केले तेव्हा खुशालराव टाळी वाजवायला विसरले होते. त्यांनी डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या. सर आले, मागच्या चाकापाशी वाकून त्यांनी त्याची स्प्रिंग हाताने हलवून पाहिली, आणि ठीक आहे म्हणाले. त्या संध्याकाळी खुशालरावांनी अंकुरला फोन करून दुसरे काहीतरी खांबावर चढव म्हणून सांगितले.

दिवाळीच्या आधी सर नागपूरला तपासणीला जाऊन आले. मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले होते, काकूंबरोबर बसले होते. ते आले, चप्पल काढली, पाय धुतले. काकूंनी चहा आणून ठेवला. "झालं," एवढेच ते म्हणाले, आणि चहाला साखर कमी आहे असेही म्हणाले.

मला डिसेंबरमध्ये हैदराबादच्या कंपनीचे बोलावणे आले. आता दर हिवाळ्यात मी रजा काढून येते आणि पुष्पक उडवते, आणि मागच्या वर्षीपासून प्रणाली नावाची अकोल्याचीच एक मुलगी माझ्याकडे ते शिकते आहे. तिला मी पहिल्या दिवसापासून मांडी घालून शिकवते. पण मला सांगायचे आहे ते त्या दिवाळीनंतरच्या सकाळचे. मी सरांना म्हणाले होते, एकदा माझ्याबरोबर चला.

ते धुतलेला पांढरा सदरा घालून आले. सवयीने विमानाभोवती फिरून एकेक तार, एकेक बिजागरी ओढून पाहू लागले आणि अर्ध्यात थांबले.

"तू पायलं न हे सगळं?"

"पाहिलं, सर."

"मंग झालं," म्हणाले, आणि जाऊन बसले.

आम्ही उत्तरेला निघालो, पूर्णेच्या बाजूला. हवा स्वच्छ होती. थोडा वेळ ते नेहमीसारखे समोर आणि वेग-उंचीच्या घड्याळांकडे बघत होते. मग त्यांच्या लक्षात आले असावे की तिकडे बघण्याचे त्यांना काही कारण उरलेले नाही. त्यांनी कडेच्या काचेतून खाली पाहिले आणि तिथेच राहिले. काही वेळाने म्हणाले की आजवर वरून शेत पाहिले ते एवढ्याचसाठी, इंजिन बंद पडले तर कुठे टेकवता येईल. शेत कोणाचे आहे, त्यात काय पेरले आहे, ते कधी पाहिले नाही.

त्यांनी मला विचारले, ते पांढरे पट्टे कशाचे? मी सांगितले, मीठ. खारपाणपट्टा सुरू झाला. पाणी वर येते, सुकते, मीठ मागे राहते. ते हसले. त्या पट्ट्यातल्याच गावात त्यांचा जन्म झाला होता, तेच पाणी पिऊन ते वाढले होते, आणि ते असे दिसते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गाव त्यांनीच ओळखले. नाला कसा वळतो त्यावरून. नाल्याच्या पोटात एक तिकोनी तुकडा होता, तुरीने भरलेला. त्यांनी काचेवर बोट टेकवले.

"हे आमचं होतं."

मी उजवीकडे कलले. तुकडा त्यांच्या बोटाखाली हळूहळू फिरला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन माणसे काम थांबवून वर बघत होती. फेरी पूर्ण झाली आणि मी विमान सरळ केले, तेव्हा सर माझ्याकडे वळले. या माणसाने आयुष्यभर या सीटवरून फक्त हुकूम सोडले होते.

"जमत असन तं," ते म्हणाले, "अजून एक चक्कर."

मी पुन्हा कलले. या वेळी मी फार सावकाश वळले.